अक्कांची टाच

"इंदुमती शामराव बोराडे!"

शाळेच्या दारातून कंपाउंडरनं हाक मारली आणि मी खाली वाकून बाकाखाली चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

"इंदे, तुला बोलावतेत," शेजारी बसलेल्या अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे हौसाबाई, माझी थोरली जाऊ.

"ऐकलं मी."

"मग उठ की."

कसली उठते? हाडं तपासायचं शिबिर होतं. वर्गात आम्ही पंधरा-वीस बायका सकाळपासून बसलेल्या. बसून बसून कंटाळा आला म्हणून मीच त्यांना एक गोष्ट सांगितली होती. म्हटलं, त्या यंत्रात टाच घातली की ते यंत्र हाड चाखून बघतं. माझ्या भाचीच्या गावात एका बाईची टाच आत गेली ती परत आलीच नाही, बिचारी अजून चवड्यावर चालते. बायका हसल्या. दोघी मात्र गुपचूप उठून घरी गेल्या. आणि आता माझं नाव आल्यावर मीच बाकाला चिकटून बसले.

यंत्राचं एवढं नाही हो. भीती वेगळीच होती. माझ्या जालिंदरनं कुठंतरी पेपरात वाचलं होतं की चहानं हाडं झिजतात. त्यानं सकाळीच बजावलं होतं, "आई, रिपोर्ट वाईट आला तर चहा बंद. घोटभरसुद्धा नाही." मी दिवसाला बारा कप पिणारी बाई. तेरावा मोजायचा नाही, तो मांजराच्या नावावर. चहावरून मला कुणी बोललं की मी माझ्या आज्याची गोष्ट सांगायची. आज्यानं रानात अस्वलाला चहा पाजला, तर ते अस्वल पुढं रोज चारच्या ठोक्याला दाराची कडी वाजवायचं, नि एकदा साखर कमी पडली म्हणून रुसून गेलं.

पण आत कुठंतरी मला माहीत होतं, आपली हाडं गेली. गेलीच असणार. आणि हाडं गेली म्हणजे काय, ते मी बघितलं होतं. माझी चुलत सासू मोरीत घसरली, खुबा मोडला. सात महिने आढ्याकडं बघत पडली होती. शेवटी शेवटी तिच्या खोलीत जाताना माणसं नाकाला पदर लावायची. मीपण लावायची, आणि ते तिला दिसायचं.

"इंदुमती बोराडे!"

मी हातातली चिठ्ठी अक्कांच्या मुठीत कोंबली. "अक्का, तुम्ही जावा माझ्या जागी."

"मी? माझं नाव कुठं हाय?"

नव्हतंच. जालिंदरनं एकटीचंच नाव दिलं होतं. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण त्यांना काय धाड भरलीय, असं सगळ्यांनाच वाटायचं. म्हशीची धार त्या काढायच्या, आडाचं पाणी त्या ओढायच्या, बाजार चालत करायच्या. आणि चहाचा थेंब नाही. काशीला जाऊन त्यांनी दूध सोडलेलं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मीही गेले होते काशीला. मी कारलं सोडलं.

म्हटलं, असली बाई. हिची हाडं लोखंडाची असणार. माझ्या नावावर लोखंड लागलं तर कुणाचं काय जातंय?

"अक्का, मला त्या यंत्राची भीती वाटतीया. तुम्ही नुसता पाय घालून या. तोंडानं काय बोलायचं नाही."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघायच्या तशा. चिठ्ठी घडी घालून कनवटीला लावावी तशी लावली, परत काढली, आणि गेल्या आत. पाच मिनिटांनी बाहेर आल्या, पदरानं टाच पुसत.

"काय लावलं गं ते, शेंबडागत. गार गार," म्हणाल्या. "मी जाते आता, म्हशीला पाणी दावायचंय."

त्या गेल्या आणि मी पाय पसरून बसले. सुटले, म्हटलं.

घटकाभरानं जालिंदर आला आणि आम्हाला पलीकडच्या वर्गात बोलावलं. तिथं डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. कोवळी पोरगी. तिनं कागद बघितला, मग मला बघितलं, परत कागद बघितला.

"आजी, तुम्ही इथवर चालत आलात?"

"व्हय."

"कुणाचा हात धरून?"

"न्हाई बा."

तिनं कागद जालिंदरपुढं फिरवला. "हा आकडा उणे अडीचच्या खाली गेला की आम्ही काळजी करतो. यांचा उणे चारपाशी आलाय. मोठ्या यंत्रावर परत बघायला लागेल, पण तोवर जपा. चहात बुडवलेली खारी असते ना? वरून धड दिसते, उचलली की गळून पडते. तशी झालीत हाडं. जड उचलायचं नाही. वाकायचं नाही. आणि पडू तर अजिबात द्यायचं नाही. या वयात खुबा मोडला की..."

एवढं म्हणाली आणि माझ्याकडं बघून गप्प झाली. मला आढ्याकडं बघत पडलेली चुलत सासू दिसली.

"चहानं झालं ना?" जालिंदर म्हणाला.

"एकट्या चहानं एवढं होत नाही. दूध, दही, ताक घेतात का?"

"दूध? अहो, बारा कप चहा घेते. घरातलं निम्मं दूध हिच्या चहाला लागतं."

डॉक्टरीण कोड्यात पडल्यागत कागदाकडं बघत राहिली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. म्हणणार होते, बाई, ही टाच माझी न्हाई. पण जालिंदरनं माझा हात धरला होता. चाळीस वर्षांचा बाप्या, जत्रेतल्या पोरागत. म्हटलं, घरी जाऊन सांगू.

घरी आलो तर अक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. जालिंदरनं दारातूनच सांगायला सुरुवात केली. सूनबाई, सुवर्णा, कपाळाला हात लावून खाली बसली. मी अक्कांच्या हाताकडं बघत होते. "उणे चार" म्हटल्यावर तो हात परातीत थांबला. किती? डोळ्याची पापणी लवावी इतकाच. मग परत थापायला लागला. भाकरी गोल झाली, तव्यावर पडली, फुगली.

"मग हिला जपाया पायजे," अक्का म्हणाल्या. "इंदे, जा, पड जा."

त्यांना समजलं होतं की नव्हतं? टाच त्यांची, हे त्यांना ठाऊक. मग आकडाही त्यांचाच, हे कळायला काय शाळा शिकायला लागते? पण चेहऱ्यावर काही नाही. मी रात्रभर, दिवसभर त्या चेहऱ्याकडं बघत राहिले, काही नाही.

मला सोप्यात कॉटवर घातलं. उशाला गोळ्यांची पाकिटं. चहा बंद, सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध. आधी मोरीपर्यंत सुवर्णा हात धरून न्यायची, मग जालिंदरनं मोरीत पोतं अंथरलं. आणि त्याच मोरीतून अक्का दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन ओल्या फरशीवरून अनवाणी यायच्या.

मी कॉटवर पडून ऐकायची. आडाचा रहाट करकरला की माझा श्वास अडकायचा. रहाट थांबेपर्यंत सोडायची नाही. अक्का शिंकल्या तरी मी उठून बसायची. डॉक्टरीण म्हणाली होती, जोरात शिंकलं तरी बरगडी जाईल. म्हशीनं शेपटी मारली, अक्का "हट् गं" म्हणाल्या, आणि मला घाम फुटला. आयुष्यभर मी लोकांना भुतं-खेतं सांगून घाबरवलं. पण एक धडधाकट बाई अंगणात चालतीये, हे बघून असं काळीज उडतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मीसुद्धा थाप म्हटली असती.

"अक्का, बसा की जरा माझ्यापाशी," मी म्हणायची.

"बसून कसं? शेण कोण काढणार?"

"सुवर्णा काढंल."

"ती तुझंच करती की दिवसभर."

दुसऱ्या दिवशी मी माझी गोळी त्यांच्यापुढं धरली. "घ्या ही. मला नको. कडू हाय."

"कडू हाय तर मला देतीस व्हय?" हसल्या आणि गोळी खाल्ली. मला जरा धीर आला. मग मी दुधाचा पेला पुढं केला.

हसू गेलं. "दूध सोडलंय मी. गावाला म्हाईत हाय."

"काशी लांब हाय अक्का. कोण बघतंय?"

त्यांनी पेला माझ्या हातात परत दिला. "पी. निवंल."

मी रोज सकाळी ठरवायची, आज जालिंदरला सांगायचं. आणि रोज तो ऑफिसला जाताना माझ्या पाया पडून जायचा. आधी कधी पडायचा नाही. आईनं खोटं करून म्हाताऱ्या चुलतीला पुढं ढकललं, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगितलं की अक्कांना कॉटवर पडायला लागणार. त्यांना पोरबाळ नाही. कॉटला त्या किती भ्यायच्या ते मला माहीत होतं. चुलत सासूचं सगळं सात महिने त्यांनीच काढलेलं. नाकाला पदर न लावता.

चौथा दिवस. चैत्राचं ऊन. मागल्या अंगणात गोठ्याच्या पत्र्यावर धोतर पसरून कुरडया वाळत घातलेल्या. सुवर्णा गिरणीत गेली होती. जालिंदर दुपारचा जेवायला यायच्या वेळेला होता. मी कॉटवर. आणि पत्र्यावर धाड धाड धाड आवाज झाला.

"वानरं!" अक्कांचा आवाज. "अगं बाई, सगळ्या कुरडया न्हेल्या!"

"अक्का, जाऊ दे त्या कुरडया!"

मग एक आवाज आला आणि मला कळलं. शिडी ओढत आणल्याचा. आमची शिडी बांबूची, जुनी. तिची खालून दुसरी पायरी सुतळीनं बांधलेली.

मी कॉटवरून उडी मारली. पोत्यावरून, मोरीतून, मागल्या दारानं पळत सुटले. अक्का वर पोचल्या होत्या. शेवटच्या पायरीवर उभ्या, एक हात पत्र्याच्या कडेला, दुसऱ्या हातात काठी. समोर हुप्प्या वानर, तोंडात कुरडई, दात दाखवतंय. पत्रा किती वर? दीड पुरुष. खाली फरशी.

"अक्का, उतरा!"

"थांब गं, ह्याला हाकलते."

वानर पुढं सरकलं. अक्कांनी काठी उगारली आणि शिडी हलली. माझ्या डोळ्यांपुढं खारी. चहात बुडलेली.

मी शिडीला मिठी मारली आणि बोंबलले, "उतरा खाली! ती हाडं तुमची हायती! तुमची टाच होती, माझी न्हाई! मी खोटं केलं!"

वानरसुद्धा थांबलं. मागच्या दारात कुणीतरी धापा टाकत होतं. बघितलं तर जालिंदर, हातात ऑफिसची पिशवी. त्यानं सगळं ऐकलं होतं.

वरून अक्का एकदम शांत म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. वरडू नगो. सगळी आळी गोळा होतीया."

काठी खाली टाकली आणि उतरायला लागल्या. एक पायरी. दुसरी. मी खालून मोजत होते. जालिंदर जागचा हलला नाही, त्याला कळेचना कुणाला धरावं. तिसरी. चौथी. वानर पलीकडच्या आंब्यावर गेलं. मग ती सुतळीची पायरी. जमीन हातभर राहिलेली. सुतळी सरकली, पाय निसटला, आणि मी अक्कांचं मनगट गच्च धरलं.

पडल्या नाहीत त्या. मी पडू दिलं नाही.

पण माझ्या मुठीत कट् असा आवाज झाला. वाळली कुरडई मोडावी तसा. एवढासा.

अक्कांनी नुसतं माझ्या मुठीकडं बघितलं. मला मूठ सोडवेना.

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत जीपमध्ये जालिंदर अक्कांना टेकू देऊन बसला, माझ्याकडं पाठ करून. डॉक्टरनी फोटो काढला, कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. "खुबा वाचला, नशीब समजा," म्हणाले. मग विचारलं, "आजी दूध-दही घेतात?"

"काशीला सोडलंय त्यांनी," जालिंदर म्हणाला. "दूध, दही, ताक, सगळंच दुभतं. मी शाळेत होतो तेव्हापासून. सव्वीस वर्षं झाली असतील."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सव्वीस वर्षं?"

मग त्यांनी माझी तपासणी केली, जालिंदरनं हट्टच धरला म्हणून. तिथं मोठं यंत्र होतं. या वेळी मी स्वतः त्यावर निजले, डोळे मिटून. डॉक्टर हसून म्हणाले, "या आजींची हाडं पन्नाशीतल्या बाईची आहेत. बारा कप चहा? साखर कमी करा. पण दूध पोटात गेलंय म्हणायचं."

मला हसू आलं नाही.

जालिंदर औषधं आणायला गेला. खोलीत अक्का खाटेवर, मी स्टुलावर. त्यांचा प्लॅस्टरचा हात उशीवर, पांढराधोट.

"अक्का," मी म्हटलं, "आता तरी ते व्रत सोडा. काशीविश्वेश्वराला मी सांगते. माझं पाप म्हणून लिहून घे म्हणते."

"त्येला कशाला मधी घेतीस?"

"मग दूध प्याल?"

अक्कांनी चांगल्या हातानं प्लॅस्टर चाचपलं. मग म्हणाल्या, "इंदे, काशीला मी रामफळ सोडलं."

"काय?"

"रामफळ. भटानं इचारलं काय सोडता, मला रामफळ लई आवडायचं, ते सोडलं. दूध कुठं मी सोडलं? दूध तू सोडलंस माझं. मंदीला बघायला आलते त्या दिवशी."

आणि मला एकदम तो दिवस दिसला. माझी थोरली मंदा. पाहुणे पाच अचानक आलेले. म्हैस आटलेली, घरात वाटीभर दूध. सहा कप मांडलेले, पाच भरले आणि भांडं पालथं झालं. सहावा कप अक्कांपुढं रिकामा. पाहुणीनं विचारलं, "ह्यांना न्हाई व्हय चहा?" बोराड्यांच्या घरात दूध पुरत नाही असं त्यांनी गावभर सांगितलं असतं. आणि माझं तोंड काय, तयारच. मी म्हणाले, "अक्कांनी दूध सोडलंय. काशीला." पाहुणीनं हात जोडले. सासूबाई आतून बाहेर आल्या, अक्कांच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "माझ्या सुनंनं केवढं सोडलं!" अक्कांनी माझ्याकडं बघितलं, तसंच, आणि म्हणाल्या, "व्हय."

मंदाचं जमलं. दुसऱ्या दिवशी म्हशीची बाब कोण लक्षात ठेवतंय? सासूबाईंनी गावाला सांगितलं. दूध सोडलं म्हणजे दही आलं, ताक आलं, तूप आलं. आणि मी? मी तीच थाप इतक्या जणांना सांगितली की मलाच खरी वाटायला लागली. अक्का दूध पीत नाहीत, काशीला सोडलंय. त्यांच्या वाटणीचं मी चहात घालत राहिले.

"सांगायचं की वो अक्का! एकदा तरी!"

"काय सांगू? इंदी खोटं बोलली म्हणून? मग मंदीच्या सासरी काय त्वांड ऱ्हायलं असतं?" त्यांनी डाव्या हातानं पदर सावरला. "आणि मग सवय झाली."

मी घरी येऊन सगळ्या आळीला खरं सांगितलं. हात जोडून सांगितलं, की अक्कांनी दूध कधी सोडलंच नव्हतं, मी थाप मारली होती. कुणाचा विश्वास बसला नाही. बायका म्हणाल्या, "इंदाबाई, आता जावेचं व्रत मोडाया नवी गोष्ट काढली व्हय? अस्वलाची बरी होती त्यापरास." एकट्या जालिंदरनं ऐकून घेतलं. त्यानं सुतळीची शिडी मोडून चुलीत घातली.

लोकांदेखत अक्का दूध घेईनात. म्हणून मग मी रोज तिसऱ्या प्रहरी पुढचं दार लावून घ्यायची, दोन कप करायची. त्यांचा नुसत्या दुधाचा, चहा आपला रंगापुरता. पहिल्या दिवशी डाव्या हातानं बशी धरली, निम्मं लुगड्यावर. एक घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, जशी मागचे पंधरा दिवस बघत होते.

"कसा झालाय?"

"पाणचट," म्हणाल्या. "दूध जरा जास्त घालत जा."

पुढं नऊ वर्षं जगल्या. खुबा शेवटपर्यंत साबूत. कॉटवर तीनच दिवस होत्या, तापानं. मी नाकाला पदर लावला नाही.

माझ्या कपात मी त्या दिवसापासून दूध घातलं नाही. आता नातसून ओरडते, "आजी, हा काळा कडू काढा कसा पिता हो? हाडं जातील की."

मी म्हणते, "काय करू बाई. काशीला दूध सोडलंय मी."